संदेष्टे खरे कोणते आणि खोटे कोणते?

नाशिक हें क्षेत्र आहे, आणि क्षेत्राच्या गांवीं साधूंचा तोटा कधींच नसतो. दर बारा वर्षांनीं सिंहस्थ येतो तेव्हां गोदावरीच्या कांठीं खरा विरक्त कोणता आणि पोटासाठीं भगवें पांघरलेला कोणता, हें ओळखण्याचा प्रसंग येथील दुकानदारांवर आणि गृहस्थांवर पिढ्यान्‌पिढ्या येत आला आहे. त्यामुळें ढोंगी बुवा म्हणजे काय हें आमच्या वाचकांस आम्हीं शिकवावें अशी स्थिति नाहीं. परंतु आज आम्हांस ज्या विषयावर लिहावयाचें आहे तो शेजारच्या घरांतील आहे. ख्रिस्ती समाजांतहि, जगभर आणि आपल्या देशांत, स्वतःस देवाचा संदेष्टा म्हणविणाऱ्यांचा एक वर्ग गेल्या कांहीं दशकांत वाढला आहे. मोठा मंडप, ध्वनिवर्धक, चमत्काराची जाहिरात, व्यासपीठावर कुबड्या फेंकून देणारा रोगी आणि शेवटीं दानाची पेटी असा त्याचा थाट असतो. आतां तर ती पेटी मोबाइलच्या पडद्यावरूनहि घरोघर फिरते. या मंडपांत जाणारे सगळेच ख्रिस्ती असतात असें नाहीं. आजार कांहीं धर्म विचारून येत नाहीं, आणि तापानें फणफणलेलें मूल कडेवर घेतलेली आई मंडपाच्या कमानीवर काय लिहिलें आहे हें वाचीत बसत नाहीं. म्हणून हा प्रश्न ख्रिस्ती मंडळींच्या घरचा आहे असें म्हणून आम्हांस गप्प बसतां येत नाहीं.

नाशिक रोडला १९२८ पासून चलनी नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आहे. त्या गांवच्या व्यापाऱ्यास एक गोष्ट निराळी सांगावयास नको कीं, खोटी नोट करणारा तेरा रुपयांची नोट कधीं छापीत नाहीं. खऱ्या नोटेस बाजारांत मोल असतें म्हणूनच तिची नक्कल होते. खोट्या नोटा निघतात म्हणून कोणी व्यापार बंद करीत नाहीं, आणि खऱ्याहि नोटा असतात म्हणून हातीं आलेला प्रत्येक कागद कोणी गल्ल्यांत टाकीत नाहीं. माणूस ती उजेडाकडे धरून पाहतो. धर्माच्या बाबतींत मात्र हाच सावध माणूस कां कोण जाणे एकदम उदार होतो. जो शेटजी पांचशेंची नोट दोनदां उलटीसुलटी करतो, तोच मुलाच्या नोकरीची आणि मुलीच्या लग्नाची भविष्यवाणी ऐकून पांच हजार मोजतो आणि पावती मागत नाहीं!

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. ख्रिस्ती धर्मग्रंथांतील संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे. पुढें काय होणार हें तो कधीं कधीं सांगतो, पण त्याचें मुख्य काम आज काय चाललें आहे हें सांगण्याचें. इसवी सनापूर्वीं आठव्या शतकांतील आमोस हा तकोवा गांवचा मेंढपाळ आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा साधा माणूस. तो बेथेल येथील देवालयांत जाऊन उभा राहिला आणि गरिबांस जोड्याच्या किंमतीस विकणाऱ्या, खोटीं मापें वापरणाऱ्या धनिकांस त्यानें तोंडावर दोष दिला. खोट्या मापाची गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. त्या ग्रंथांत ती एकदां नव्हे, अनेकदां आली आहे. तेथील मुख्य याजक अमस्या यानें आमोसास काय सांगितलें? कीं, हें राजाचें देवालय आहे, येथें तुझें बोलणें नको. आपल्या मुलखांत जा आणि तेथें पोट भर. धंदेवाईक पुजाऱ्यास समोरचाहि धंदेवाईकच वाटला. त्यावर, आपण संदेष्ट्यांच्या पेढीवरचे नाहीं, असेंच आमोसानें उत्तर केलें.

नाशिककरास हा प्रसंग वाचतांना २ मार्च १९३० चा दिवस आठवल्यावांचून राहणार नाहीं. त्या दिवशीं काळाराम मंदिराच्या दारांत डॉक्टर आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला आणि दरवाजे बंद करून घेण्यांत आले. पुढें १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांत येवल्यास त्यांनीं धर्मांतराची घोषणा केली. डॉक्टरांस कोणी संदेष्टा म्हटलें असतें तर त्यांनीं त्यास चांगलेंच फैलावर घेतलें असतें, आणि तें पद आम्हीहि त्यांस चिकटवीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, देवळाच्या दारीं उभें राहून अप्रिय सत्य सांगणें हें त्या जुन्या संदेष्ट्यांचें काम होतें. श्रोत्यांस परदेशगमनाचा योग आहे काय हें सांगणें नव्हे.

खोटा संदेष्टा कसा ओळखावा याची चर्चा त्या धर्मांत कांहीं आजची नाहीं. ती फार जुनी आहे आणि तींत व्यवहारज्ञान भरपूर आहे. अनुवाद नांवाच्या पुस्तकांत एके ठिकाणीं असें सांगितलें आहे कीं, सांगितलेली गोष्ट घडली नाहीं तर तो मनुष्य देवाच्या नांवानें बोलला नाहीं असें समजावें. ही कसोटी कोणासहि सुचेल. पण त्याच पुस्तकांत दुसरीकडे याहून खोल विचार आहे: सांगितलेली खूण खरी ठरली तरीहि, तो मनुष्य तुम्हांस देवापासून दूर नेत असेल तर त्याचें ऐकूं नका. म्हणजे भविष्य चुकलें तर माणूस निश्चित खोटा; पण भविष्य बरोबर आलें एवढ्यानें तो खरा ठरत नाहीं. दहा जणांस दहा प्रकारचीं भविष्यें सांगणाऱ्याचें एखादें लागतेंच, आणि तेवढ्याच एकाची साक्ष पुढल्या सभेंत व्यासपीठावर उभी राहते. उरलेले नऊ जण घरीं बसून आपल्याच श्रद्धेंत कांहीं उणें राहिलें असावें म्हणून झुरत असतात.

दुसरी कसोटी गोड बोलण्याची आहे. अहाब राजानें लढाईस जाण्यापूर्वीं सुमारें चारशें संदेष्ट्यांस विचारलें आणि चारशेंहि जणांनीं विजय होईल असें एका सुरांत सांगितलें. मीखाया नांवाचा एकटाच विरुद्ध बोलला. हा माझ्याविषयीं कधीं चांगलें बोलतच नाहीं, अशी राजाची त्याजविषयीं पहिल्यापासूनची तक्रार होती! मीखायास तुरुंगांत टाकलें, राजा लढाईस गेला आणि परत आला नाहीं. यिर्मयाच्या काळीं हनन्या यानेंहि दोन वर्षांत सगळें पूर्ववत् होईल असें लोकांस सांगितलें आणि टाळ्या मिळविल्या. यिर्मया मात्र दीर्घ दास्याची गोष्ट सांगत राहिला आणि लोकांचा शत्रु ठरला. आजच्या मंडपांत तुमचें कर्ज फिटेल, तुमचा शत्रु नष्ट होईल, येत्या महिन्यांत तुमच्या हातीं पैसा येईल, याखेरीज दुसरें कांहीं ऐकूं येतें काय? तुम्हीं नोकराचा पगार थकविला आहे तो आधीं द्या, असें सांगणारा संदेष्टा कोणी पाहिला असल्यास त्याच्या सभेस आम्ही स्वतः जाऊं.

तिसऱ्या कसोटीचा उल्लेख येशूनें स्वतः केला आहे आणि ती सर्वांस ठाऊक आहे: मेंढराचें कातडें पांघरून येणाऱ्या लांडग्यांपासून सावध असा, आणि झाड फळावरून ओळखा. त्याच उपदेशांत पुढें त्यानें म्हटलें आहे कीं, तुझ्या नांवानें आम्ही भुतें काढलीं, चमत्कार केले असें सांगत येणाऱ्या अनेकांस मी ओळखत नाहीं असें म्हणेन. चमत्कार हा पुरावा नव्हे, हें खुद्द त्या धर्माच्या संस्थापकानें सांगावें आणि त्याच्या नांवानें फक्त चमत्काराचाच बाजार भरावा, हा मोठाच दैवदुर्विलास होय.

या सर्वांत आम्हांस सर्वांत अधिक आवडणारी कसोटी एका लहानशा ग्रंथांत आहे. ‘डिडाखी’, म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण, या नांवाची ही पोथी पहिल्या किंवा दुसऱ्या शतकांतील समजली जाते. ती शतकानुशतकें लुप्त होती; १८७३ मध्यें कॉन्स्टँटिनोपल येथें एका धर्मगुरूस तिची प्रत सांपडली आणि १८८३ मध्यें ती छापली गेली. त्या काळीं मंडळ्या लहान होत्या आणि गांवोगांव फिरणारे उपदेशक पुष्कळ. त्यांस उतरून घ्यावें कसें, याचे नियम तींत दिले आहेत. पाहुणा उपदेशक आला तर त्यानें एक दिवस राहावें, गरज पडल्यास दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघतांना त्यास पुढील मुक्कामापुरती भाकरी द्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्याच्या आवेशांत जेवणाची पंगत मांडावयास सांगून स्वतःच तींत जेवावयास बसला तर तोहि खोटा. शिकवितो तें आचरत नसेल तर शिकवण खरी असली तरी माणूस खोटा. मात्र दुसऱ्या गरजवंतासाठीं मागत असेल तर त्यास नांव ठेवूं नये. अठराशें वर्षांपूर्वींच्या गरीब लोकांनीं केलेले हे नियम वाचून, ते सराफकट्ट्यावर बसून लिहिले असावेत असें वाटतें. आपल्याकडेहि पावसाळ्याचे चार महिने सोडून संन्याशानें एका गांवीं ठाण मांडूं नये असा दंडक होताच. दोन्ही नियमांचें मूळ एकच: पाहुणा म्हणून आलेला मालक होऊन बसूं नये.

आतां आपल्या महाराष्ट्रांतील अनुभव पाहूं, कारण तो थोडाथोडका नाहीं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्यें इंग्लंडांत झाला. त्यानंतर थोड्याच काळांत तेथील धर्मभगिनींशीं त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यांत, हिंदु पुरोहितांचें जूं मोठ्या प्रयासानें मानेवरून उतरविल्यावर तसलेंच दुसरें जूं मी घेणार नाहीं, अशा आशयाचें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. उपकारकर्त्यांच्या घरीं राहून असें लिहिण्यास छाती लागते. पुढें १९०५ मध्यें केडगांवच्या मुक्तिसदनांत धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. मुली रात्र रात्र प्रार्थना करूं लागल्या, रडूं लागल्या, कांहीं अपरिचित भाषांत बोलूं लागल्या. हें सर्व भ्रम आहे असें म्हणणारे टीकाकार होते, आणि अशी भाषा जो बोलत नाहीं त्यास आत्मा मिळालाच नाहीं असें म्हणणारे उत्साही लोकहि होते. रमाबाईंनीं त्या लाटेस धुडकावलें नाहीं. परंतु परभाषा बोलणें हीच एक आवश्यक खूण आहे हेंहि त्यांनीं मानलें नाहीं. प्रेम हीच आवश्यक खूण, असा निर्वाळा त्यांनीं दिला. आणि सदनांतील विणकाम, छापखाना, शिक्षण हें सर्व चालूच राहिलें. ज्या घरांत भाकरीचें पीठ दळलें जात आहे आणि दुष्काळांतून आणलेली मुलगी वाचावयास शिकत आहे, त्या घरांतील प्रार्थनेकडे आम्ही आदरानेंच पाहूं, मग तिची पद्धति आम्हांस पटो वा न पटो. रमाबाई अखेरपर्यंत बायबलाच्या मराठी भाषांतरास लागलेल्या होत्या आणि १९२२ मध्यें त्या वारल्या. लोकांच्या हातीं ग्रंथ द्यावा, म्हणजे त्यांनीं आपल्यासहि त्यावरून तपासावें, ही त्यांची रीत. खोटा संदेष्टा ग्रंथ दाखवितो, वाचूं देत नाहीं.

नारायण वामन टिळकांची गोष्टहि येथें सांगण्यासारखी आहे. त्यांचें शिक्षण नाशकांत झालें आणि सासुरवाडीहि जवळच्याच जलालपूरची. १८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत त्यांस एक युरोपियन सहप्रवासी भेटला. त्यानें नव्या कराराची प्रत हातीं दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकित केलें. टिळकांस तें धाडसाचें वाटलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकित खरें झालें असें म्हणावयाचें असेल तर म्हणावें. पण टिळकांचें मन वळलें तें भाकितामुळें नव्हे, तर त्या पुस्तकांतील डोंगरावरील प्रवचन वाचून, असें त्यांनींच सांगितलें आहे. आणि तो प्रवासी? त्यानें सभा भरविली नाहीं, साक्ष मागितली नाहीं; टिळकांस त्याचें नांवहि ठाऊक नव्हतें. लक्ष्मीबाई तर नवऱ्याच्या मागोमाग मुकाट्यानें गेल्या नाहींत; पांच वर्षें आपल्या मनाशीं झगडून मग गेल्या. घरांतील स्वयंपाकघराच्या बुद्धीनें त्यांनीं धर्म तोलला, आणि तो तराजू पुष्कळ पंडितांच्या तराजूहून सरस होता.

फळांचा विषय निघाला म्हणून शरणपुराची आठवण करून देतों. नाशकाजवळच्या त्या मिशनच्या वसाहतींत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, समुद्रावर गुलामांच्या गलबतांतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांस ठेवीत आणि लिहिणें-वाचणें व सुतारकी-लोहारकीसारखे धंदे शिकवीत. लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर आफ्रिकेंतून लंडनपर्यंत गेलेला जेकब वेनराइट हा याच शाळेचा. १८७४-७५ च्या सुमारास येथील पुष्कळ जण पूर्व आफ्रिकेंत मोंबासाजवळ फ्रीअरटाउन येथें जाऊन वसले. त्यांपैकीं विल्यम जोन्स यानें रबाई येथें धन्याकडून पळून आलेल्या गुलामांस आश्रय दिला. तो भविष्य सांगत नव्हता. दार उघडीत होता.

त्याच किनाऱ्यावर, मोंबासाच्या उत्तरेस किलिफी परगण्यांतील शाकाहोला नांवाच्या रानांत, एप्रिल २०२३ पासून जमीन उकरूं लागले तेव्हां चारशेंहून अधिक प्रेतें निघालीं. त्यांत मुलें होतीं. उपास करून मेलांत तर येशूची भेट होईल अशी शिकवण आपल्या अनुयायांस दिल्याचा आरोप एका उपदेशकावर असून त्यावर खटला भरण्यांत आला. १८ नोव्हेंबर १९७८ रोजीं गयानांत जोन्सटाउन येथें नऊशेंहून अधिक माणसें एका गुरूच्या शब्दावर मेलीं, तींहि अशीच रानांत, आप्तांपासून तोडून नेलेलीं. आमच्या मतें येथें सर्वांत स्पष्ट खूण सांपडते. जो मनुष्य तुम्हांस आईबापांपासून, डॉक्टरांपासून, शेजाऱ्यापासून आणि वर्तमानपत्रापासून तोडतो, त्याच्या भविष्याची वाट पाहण्याचें कारणच नाहीं. जगबुडीच्या तारखा देणारे त्या मानानें निरुपद्रवी म्हणावयाचे. अमेरिकेंत २२ ऑक्टोबर १८४४ ची तारीख झाली, २१ मे २०११ चीहि झाली. पहिल्या वेळीं कांहीं शेतकऱ्यांनीं उभें पीक कापलें नाहीं, दुसऱ्या वेळीं कांहींनीं आयुष्याची पुंजी जाहिरातींत घातली. २०११ ची तारीख देणाऱ्या हॅरॉल्ड कॅम्पिंग या वृद्ध गृहस्थानें पुढल्या वर्षीं आपली चूक जाहीरपणें कबूल केली, हें त्याच्या पदरीं घातलें पाहिजे. असें करणारे विरळा.

रोग बरे करण्याच्या दाव्याविषयीं थोडें निराळें लिहिणें अवश्य आहे, कारण आपल्याकडे खरी हानि तेथें होते. फ्रान्सांत लूर्द येथें १८५८ पासून रोगी जात आहेत. तेथील यात्रेकरूंची संख्या दरसाल लाखांनीं मोजतात. तेथें १८८३ पासून वैद्यकीय तपासणीची कचेरी आहे, आणि इतक्या वर्षांत कॅथलिक चर्चनें चमत्कार म्हणून मान्य केलेलीं प्रकरणें सुमारें सत्तर! चमत्कारावर ज्याची श्रद्धा आहे तें चर्च इतक्या कंजुषीनें शिक्का मारतें, आणि येथें एका संध्याकाळच्या सभेंत पन्नास रोगी बरे झाल्याचें पुकारलें जातें. उलट ख्रिस्ती धर्मानें महाराष्ट्रांत रोग्यांची खरी सेवा कोठें केली तें पाहावें. मिरजेस वॉनलेस साहेबांनीं इस्पितळ काढलें. जामखेडास १९७० पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानें खेड्यांतील बायांस आरोग्याचें काम शिकविलें. दलित बायांच्या हातून बाळंतपणें सुखरूप होऊं लागलीं. त्यांनीं प्रार्थना केली नसेल असें नाहीं. पण प्रार्थना करून इंजेक्शन बंद करा असें त्यांनीं कोणास सांगितलें नाहीं. क्षयाच्या, मधुमेहाच्या, फेफऱ्याच्या रोग्याचें औषध थांबविणाऱ्यास आम्ही संदेष्टा तर नाहींच, साधा माणूसहि म्हणणार नाहीं.

येथें कायदाहि आहे. डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला. चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरांत जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळानें मंजूर केला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पांच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड अशी त्यांत शिक्षा आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणें हा त्याच्या अनुसूचींतला गुन्हा आहे, आणि त्या अनुसूचींत कोणत्याहि धर्माचें नांव नाहीं. प्रार्थनेस, उपासनेस, वारीस त्याची आडकाठी नाहीं. कायदा करण्याच्या वेळीं तो एकाच धर्मावर आहे अशी ओरड झाली होती; ती ओरड करणाऱ्यांपैकीं कांहीं आज, तो दुसऱ्याच धर्मास लावा म्हणून आग्रह धरतात. आम्हांस दोन्ही भूमिका अमान्य आहेत.

यावर ख्रिस्ती बांधवांचें एक उत्तर आम्हांस अपेक्षित आहे आणि तें पोकळ नाहीं. ते म्हणतील, आम्ही थोडे. एका लबाडाचें नांव काढलें कीं बाहेरचे लोक तेवढ्यावरून सगळ्या समाजास झोडपतात, प्रार्थनेच्या घरीं दंगा करतात, मिशनच्या शाळेस नांवें ठेवतात. ही भीति खरी आहे. एका भोंदूच्या निमित्तानें शेजाऱ्याच्या दारावर दगड घेऊन जाणारा जमाव आम्हांस भोंदूइतकाच निंद्य वाटतो, आणि त्यास आमच्या लेखाचा आधार घेतां येणार नाहीं. पण म्हणून आंतल्या माणसानें तोंड मिटून बसावें हें चुकीचें. देवाच्या अभिषिक्तास हात लावूं नका, असा शास्त्रार्थ पुढें करून प्रश्न विचारणाऱ्यास गप्प केलें जातें. मग नाथानानें दाविदासारख्या अभिषिक्त राजास त्याचा दोष कसा दाखविला? बिरुयाच्या लोकांनीं प्रत्यक्ष पौलाचें बोलणें ग्रंथांशीं ताडून पाहिलें, आणि त्याबद्दल त्यांची तारीफच झाली आहे. त्याच पौलानें करिंथकरांस सांगितलें कीं, संदेष्ट्यांनीं बोलावें आणि इतरांनीं पारख करावी. पारख करणें हा मंडळीचा हक्क आहे. तो व्यासपीठावरच्या एकट्याच्या खिशांत जाऊं देऊं नये.

नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेस फेब्रुवारींत सर्व धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन रांगेनें जातात. त्या श्रद्धेस आमचा नमस्कार आहे. आजाऱ्यासाठीं मेणबत्ती लावणें आणि आजाऱ्यास लुबाडणें यांतला भेद पोरासहि कळतो. आमची विनंति निराळी आणि अगदीं साधी आहे. ज्या मंडळीचा न्यास नोंदलेला आहे तिनें वर्षाचा तपासलेला हिशेब सरकारांत द्यावाच लागतो. तोच तिनें आपल्या प्रार्थनामंदिराच्या दारावरहि लावावा. आलेलें दान किती, पाळकाचा पगार किती, गाडीचा खर्च किती, गरिबांस गेलें किती. जेथें रोग बरा झाल्याची साक्ष व्हावयाची असेल तेथें आधीं डॉक्टरांचा दाखला आणि सहा महिन्यांनीं पुन्हां एकदां रोग्याची भेट. असा हिशेब लावणारी मंडळी नाशिक शहरांत किंवा जिल्ह्यांत असेल आणि ती आम्हांस कळवील, तर तिचें नांव आम्ही याच स्तंभांत आनंदानें छापूं. मठ, दर्गे आणि देवस्थानें यांसहि हेंच आमंत्रण आहे.